जुन्या फियाटचा सायलेन्सर बदलताना

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणात कुलदेवतेच्या दर्शनासाठी आम्ही बेळगावहून गोव्याला निघालो होतो. गाडी म्हणजे वडिलांनी घेतलेली जुनी फियाट. मागच्या सीटवर आई आणि माझी धाकटी मुलगी. पाऊस कोसळत असल्यामुळे काचा पूर्ण बंद. चोर्ला घाट लागण्याआधीच मुलीचे डोके दुखू लागले आणि पाठोपाठ आईला मळमळू लागले. 'गाडी लागली असेल' असे म्हणून मी आल्याची वडी पुढे केली. थोड्या वेळाने मुलगी पेंगू लागली, आणि हाक मारली तरी ती नीट ओ देईना, तेव्हा मात्र घाबरून गाडी कडेला घेतली. भर पावसात दोघींना छत्रीखाली बाहेर उभे केले. अर्ध्या-पाऊण तासाने मुलगी बोलू लागली. डोकेदुखी मात्र संध्याकाळपर्यंत राहिली. आम्ही तिथूनच चारही काचा उघड्या टाकून, भिजत परत फिरलो.

महिन्याभरापूर्वीच मी त्या गाडीला नवा सायलेन्सर बसवून घेतला होता. दुसऱ्या एका जाणत्या मेस्त्रीने गाडी वर चढवून पाहिली, तेव्हा दोन गोष्टी आढळल्या. इंजिनाकडून येणारी नळी आणि सायलेन्सर यांचा जोड पक्का वेल्ड केलेला होता आणि तो तडकला होता. शिवाय शेपटाकडची नळी आखूड कापल्यामुळे तिचे तोंड डिकीच्या खालीच संपत होते. डिकीचे रबर जुने, फाटलेले. धुराला आत यायला दोन्हीकडून वाट मोकळी होती. दोष गॅरेजवाल्याचा होताच. पण माझा अधिक होता. वस्तू निवडताना मी किंमत विचारली, आवाज ऐकला, आणि 'बसवा' म्हणालो. वर्गात कार्बन मोनॉक्साइडचे गुणधर्म फळ्यावर लिहून देणाऱ्या माणसाने आपल्या गाडीखाली वाकून पाहिले नाही!

आपल्या भागात अजूनही कित्येक घरांत जुनी फियाट किंवा अँबॅसेडर जपून ठेवलेली आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींना तर या गाड्या दुरुस्त करून मिरवण्याचा चांगलाच छंद आहे. त्यांना उपयोग व्हावा, आणि विज्ञानाच्या इतर विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातल्या गोष्टी रस्त्यावर कशा भेटतात ते दिसावे, म्हणून हा लेख.

धुराच्या नळीची तीन कामे

वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही गाडी तयार होऊ लागली. पुढे सत्तरीच्या दशकात तिला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. इंजिन १०८९ घनसेंटीमीटरचे, चार सिलिंडरांचे, पुढे; आणि चाल मागच्या चाकांना. म्हणून धुराची नळी इंजिनापासून निघून पायाखालच्या पत्र्याच्या खालून, मागच्या आसाला ओलांडून शेपटापर्यंत जाते. सर्वांत पुढे बिडाचा मॅनिफोल्ड, त्याला जोडलेली पुढची नळी, मग सायलेन्सर आणि शेवटी शेपटाची नळी, असा हा सारा संच. आपण बोलताना या सगळ्यालाच 'सायलेन्सर' म्हणतो.

या संचाचे पहिले काम विषारी वायू माणसांपासून दूर नेऊन सोडणे. दुसरे काम आवाज कमी करणे. तिसरे काम इंजिनाचा श्वास मोकळा ठेवणे. निवड करताना आपण बहुधा दुसऱ्या कामाचा विचार करतो, हौशी तरुण तिसऱ्याचा करतात. पहिल्याचा विचार क्वचितच कोणी करतो. वास्तविक क्रम मी वर दिला तसाच असायला हवा.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याची सलगी ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक. त्यामुळे हवेत ऑक्सिजन भरपूर असला तरी रक्त तो वाहून नेऊ शकत नाही. हवेच्या हजार भागांत याचे एक-दीड भाग असले, तरी तास-दोन तासांत प्राणावर बेतू शकते. आता जुन्या गाडीचा हिशेब पाहा. १९९५ पासून आपल्याकडे आधी चार महानगरांत आणि मग इतरत्र नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरक परिवर्तक आले; ते या वायूचे कार्बन डायॉक्साइडमध्ये रूपांतर करतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या फियाटला तसे काही नाही. अशा गाड्यांच्या धुरात या वायूचे प्रमाण शेकडा ३ पर्यंत कायद्यालाही मान्य होते. म्हणजे हजारात तीस भाग! चोक ओढलेल्या थंड इंजिनात ते याहूनही वाढते. नव्या गाडीच्या नळीला भोक पडले तर आवाज येईल. जुन्या गाडीच्या नळीला भोक पडले तर आत बसलेल्यांचे काय होईल, हे मी पाहिले आहे.

सायलेन्सर सडतो कशाने?

बहुतेकांना वाटते की रस्त्यावरचे पाणी आणि चिखल लागून सायलेन्सर गंजतो. ते खरे आहे, पण अर्धेच. त्याहून मोठा शत्रू आतून येतो, आणि तो म्हणजे पाणी!

पेट्रोलऐवजी सोयीसाठी ऑक्टेन धरू. दोन रेणू ऑक्टेन पूर्ण जळले की सोळा रेणू कार्बन डायॉक्साइड आणि अठरा रेणू पाणी तयार होते. वजनाच्या भाषेत २२८ ग्रॅम ऑक्टेनपासून ३२४ ग्रॅम पाणी. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम असते. गणित केले तर उत्तर येते सुमारे १०५० ग्रॅम पाणी. म्हणजे गाडी जेवढे लिटर पेट्रोल पिते, जवळजवळ तेवढेच लिटर पाणी नळीतून बाहेर टाकते.

इंजिन आणि नळी चांगली तापलेली असली की हे पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते. परंतु धुरातील वाफ साधारण ५० अंश सेल्सियसच्या खाली दवासारखी जमू लागते. घरून कॉलेजला तीन किलोमीटर यायचे, दिवसभर गाडी उभी करायची आणि पुन्हा तीन किलोमीटर घरी जायचे, अशा वापरात पुढची नळी तापते, पण मागचा सायलेन्सर पुरता तापतच नाही. प्रत्येक फेरीत पाव लिटर पेट्रोल जळले तर पेलाभर पाणी तयार होते, आणि त्यातले काही सायलेन्सरच्या पोटात साचते. त्यात कार्बन डायॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि गंधकाचा अंश विरघळून सौम्य आम्ल बनते. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांवर आले, ही चांगली गोष्ट आहे. पण पाणी काही कमी झालेले नाही.

म्हणूनच लांबच्या प्रवासाच्या गाडीपेक्षा गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर आधी सडतो, आणि सर्वांत मागचा डबा सर्वांत आधी. वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि एखाद्या लग्नाला, पाच मिनिटे सुरू करून पुन्हा गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीची तर सर्वांत वाईट अवस्था. जपण्याच्या नावाखाली आपण तिला आतून भिजवून ठेवतो.

पुष्कळ सायलेन्सरांना खालच्या अंगाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. पाणी निथळून जावे हा त्याचा हेतू. 'इथून फुंकते आहे' असे समजून ते वेल्ड करून बुजवू नका.

कोणता पत्रा घ्यावा?

बाजारात साधारणपणे तीन प्रकार मिळतात. पहिला साध्या पोलादाचा. तो स्वस्त, कोठेही वेल्ड करता येतो आणि मूळ गाडीलाही बहुधा हाच होता. वरचा चंदेरी रंग उष्णतेने लवकर उडतो. पत्रा किती जाड आहे ते मात्र विचारावे. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर. गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते, हे लक्षात ठेवावे. गंजायला जितके पोलाद अधिक, तितके आयुष्य अधिक.

दुसरा प्रकार ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पोलादाचा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा धरतो आणि तो आतल्या पोलादाला वाचवतो. मध्यम किमतीत हा चांगला पर्याय आहे. मात्र जेथे वेल्डिंग होते तेथला मुलामा जळून जातो आणि गंजाची सुरुवात तेथूनच होते. म्हणून जोड जितके कमी, तितके बरे. येथे एक इशारा. काही ठिकाणी पाण्याची जीआय नळी कापून शेपटाला जोडतात. तसे करू नये. तिच्यावरचे जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते, आणि वेल्डिंग करताना त्याची जी पांढरी वाफ निघते ती हुंगून मेस्त्रीला थंडी-ताप भरतो.

तिसरा प्रकार स्टेनलेस पोलादाचा. यातही भेद आहेत. ४०९ या प्रकारात सुमारे ११ टक्के क्रोमियम असते. वरून किंचित तांबूस डाग पडले तरी तो आरपार सडत नाही, आणि मोटारींच्या धूरनळ्यांसाठी कारखाने तो सर्रास वापरतात. ३०४ या प्रकारात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. तो अधिक टिकाऊ, अधिक चकचकीत आणि अर्थात महाग. 'चुंबक चिकटत नाही, म्हणजे अस्सल ३०४' असे दुकानदार सांगतात. हे पुरेसे प्रमाण नाही. निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले २०० मालिकेचे स्टेनलेस आपल्या बाजारात खूप आहे, आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. उलट ४०९ ला चुंबक चिकटतो, म्हणून तो नकली ठरत नाही. खात्री हवी असेल तर माल कोणत्या प्रकारचा आहे ते बिलावर लिहून घ्यावे.

स्टेनलेस घेतले म्हणजे वेल्डिंगही त्याच तोलाचे हवे. साध्या पोलादाच्या कांडीने टाका मारला तर स्टेनलेस नळीला पहिला गंज त्या टाक्यावरच येतो. शिवाय ३०४ फार वेळ तापवले तर साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात त्यातले क्रोमियम कार्बनशी संयोग पावते, आणि जोडाच्या शेजारची धातू संरक्षणावाचून उघडी पडते. म्हणून हे काम आर्गॉन वेल्डिंग करणाऱ्याकडून, योग्य तारेने करून घ्यावे. उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत जवळ असलेल्या आपल्या गावात अशी माणसे शोधणे कठीण नाही.

मग निवड कशी करायची? गाडी रोज जवळच्या फेऱ्यांना वापरत असाल तर ४०९ किंवा मुलामा दिलेले पोलाद घ्यावे. आतल्या पाण्याला तेच तोंड देईल. महिन्यातून एक-दोनदा लांबचा फेरफटका होत असेल तर जाड पत्र्याचे साधे पोलाद पुरते. गाडी मुलाबाळांपर्यंत ठेवायची असेल आणि खर्चाची तयारी असेल, तरच ३०४.

आवाज म्हणजे ताकद नव्हे

आता तरुण मित्रांच्या आवडीचा विषय. जाड नळी आणि पोकळ डबा बसवला की गाडी गुरगुरते, म्हणजे तिची ताकद वाढली, असा एक समज आहे. फियाटचे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर हिशेबाने ते मिनिटाला फार तर सुमारे २२०० लिटर हवा आत घेते. तेवढ्याच प्रवाहासाठी मूळ नळीचा व्यास ठरवलेला आहे. नळी उगाच रुंद केली तर धुराचा वेग मंदावतो. एका सिलिंडरातून वेगाने निघालेला धूर मागे जी ओढ निर्माण करतो ती कमी होते, आणि चढावर गाडी उलट मरगळते. शिवाय कार्ब्युरेटरचे जेट जुन्या प्रवाहाला जुळवलेले असतात, तेही पुन्हा जुळवावे लागतात.

नळी अरुंद होणेही तितकेच वाईट. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. व्यास १० टक्के कमी झाला तर वाट १९ टक्के अरुंद होते. साध्या यंत्रावर वाकवलेली नळी वळणावर चपटी होते; तेथे असेच घडते. जुने मेस्त्री नळीत कोरडी वाळू ठासून भरत, तापवत आणि मग वाकवत, म्हणून वळण गोल राही. वाळू मात्र हाडासारखी कोरडी हवी. ओली असेल तर आत वाफ कोंडून नळी फुटते.

आवाज कमी होतो तो दोन मार्गांनी. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना सेकंदाला धुराचे १०० ठोके नळीत येतात. आतल्या कप्प्यांच्या डब्यात हे ठोके भिंतींवर आपटून परततात आणि एकमेकांना बऱ्याच अंशी मारतात. भौतिकशास्त्रातील तरंगांचे व्यतिकरण ते हेच. दुसऱ्या प्रकारच्या डब्यात छिद्रांची सरळ नळी असते आणि तिच्याभोवती काचलोकर गुंडाळलेली असते. ती कर्कश आवाज शोषते, पण घुमणारा खर्ज तसाच सोडते, आणि लोकर भिजून-जळून गेली की डबा नुसताच ओरडू लागतो. जुन्या घरगुती गाडीला कप्प्यांचा, मूळ घाटाचाच डबा शोभतो.

कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२० व्या नियमानुसार प्रत्येक मोटारीला आवाज कमी करणारे साधन असलेच पाहिजे. ध्वनिप्रदूषणाच्या गुन्ह्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणखी एक गोष्ट. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या खासगी गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम आले. गाडी मूळ स्वरूपात हवी, ही त्यातली अट आहे. म्हणून निघालेला जुना सायलेन्सर लगेच भंगारात घालू नका. कितीही सडलेला असला तरी लांबी, वळणे आणि टांगण्याच्या जागा यांचा तोच खरा नमुना असतो. अँबॅसेडरवाल्यांनी तर नुसते गाडीचे नाव सांगून माल मागवू नये. तिला १४८९ घनसेंटीमीटरचे पेट्रोल, निरनिराळी डिझेल आणि पुढे १८१७ घनसेंटीमीटरचे इसुझू अशी इंजिने लाभली. ज्याचे इंजिन त्याची नळी.

बसवताना आणि बसवल्यावर

पोलाद तापले की लांब होते. तीन मीटर लांबीची नळी ३०० अंशांनी तापली, तर साधे पोलाद सुमारे ११ मिलिमीटर आणि ३०४ स्टेनलेस सुमारे १५ मिलिमीटर वाढते. त्यातच इंजिन स्वतःच्या रबरांवर डुलत असते. म्हणून सारा संच रबरांनी टांगायचा असतो. माझ्या गाडीत रबरे फाटलेली म्हणून लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्या होत्या. नळीला हालचाल करायला जागा उरली नाही, म्हणून सर्वांत कमजोर जोड तडकला. नव्या सायलेन्सरबरोबर नवी रबरे, नवे क्लॅम्प आणि मॅनिफोल्डचे नवे पॅकिंग घ्यावे; येथे काटकसर करू नये. नळी ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्यांपासून दूर राहते का, आणि मागे चार माणसे बसवल्यावर आस वर येऊन नळीला लागत नाही ना, तेही पाहून घ्यावे.

शेपटाच्या नळीचे तोंड गाडीच्या मागच्या कडेच्या किंचित बाहेर आलेच पाहिजे. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि तेथे धूर घोटाळतो. नळी आखूड असली आणि डिकीचे रबर फाटके असले, की तोच धूर आत ओढला जातो. मागची एकच काच उघडी ठेवली तरी असेच होऊ शकते.

शेवटी पैसे देण्याआधी तिथेच एक परीक्षा करावी. मोकळ्या जागेत थंड इंजिन सुरू करावे आणि जाड हातमोजा घालून चिंधीचा बोळा शेपटाच्या तोंडावर क्षणभर दाबून धरावा. दाब वाढून इंजिन गुदमरू लागले तर नळी शाबूत आहे. मध्येच कोठे फुसफुस ऐकू आली तर तेथे गळती आहे. आठवड्याने पुन्हा खाली वाकून जोडांवर काळी काजळी धरली आहे का ते पाहावे. पुढच्या जोडाला गळती असली तर प्रत्येक ठोक्यामागून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पीयूसीच्या यंत्रावर आकडा खोटाच चांगला येतो. प्रमाणपत्र हातात आहे म्हणजे सारे ठीक आहे, असे समजू नये.

माझ्या फियाटला आता ४०९ चा, मूळ मापाचा सायलेन्सर आहे. तिचा आवाज इतका साधा झाला की शेजाऱ्यांना गाडी आल्याचे कळत नाही. आठवड्यातून एकदा खानापूरपर्यंत जाऊन येतो, म्हणजे आतले पाणी सुकते. मुलगी अजूनही गाडीत बसली की आधी आपली काच दोन बोटे खाली करते. मी तिला कधी 'वर कर' म्हणत नाही.